आशियात सहा हार, घरी चषक : मोठी ऑर्डर घेण्याआधी हे वाचा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी फुटबॉलचं एक उदाहरण दिलं होतं. त्यावर इंदापूरच्या एका ताईंचा फोन आला. म्हणाल्या, "सर, आमच्याकडं कुस्ती नाहीतर क्रिकेट. फुटबॉल कोल्हापूरकरांचा. पण तुम्ही ते सहा हार आणि चषक म्हणालात ना, ते नीट लिहून काढा. माझ्याकडं एक मोठी ऑर्डर आलीय आणि झोप लागत नाहीये."

तर ताई, हा लेख तुमच्यासाठी. आणि मोठ्या ऑर्डरची वाट बघत बसलेल्या प्रत्येकासाठी.

हरतालिकेच्या दिवशी बालेवाडीत

१८ सप्टेंबर २०२३. सोमवार. दुसऱ्या दिवशी गणपती बसणार. अशा दिवशी बारामतीहून पुण्याला कुणी जातं का? पण पुतण्यानं तिकिटं काढून ठेवली होती. "काका, आशियातल्या सगळ्यात मोठ्या क्लब स्पर्धेचा सामना आपल्या पुणे जिल्ह्यात होतोय, परत कधी होईल सांगता येत नाही." गेलो.

सामना होता एएफसी चॅम्पियन्स लीगचा. मुंबई सिटी हा आपला क्लब. त्याचं लीगचं मैदान अंधेरीत, पण आशियाई सामन्यांसाठी त्यानं बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल घेतलं होतं. समोर इराणचा नस्साजी माझंदरान नावाचा क्लब.

मुंबई सिटी काही साधी टीम नव्हती. २०२२-२३ च्या इंडियन सुपर लीगमध्ये तिनं सलग १८ सामने न हरता खेळून दाखवले होते आणि लीग शील्ड जिंकली होती. एप्रिल २०२३ मध्ये केरळात मंजेरीला जमशेदपूरला ३-१ नं हरवून आशियाचं तिकीट काढलं होतं. मालकांमध्ये तेव्हा सिटी फुटबॉल ग्रुप होता, म्हणजे इंग्लंडच्या मँचेस्टर सिटीवालेच. पैसा होता, नाव होतं, सवय होती जिंकायची.

आणि नस्साजी? फारसीत नस्साजी म्हणजे कापड विणकाम. इराणच्या उत्तरेला काएमशहर नावाचं गिरणीचं गाव आहे, तिथल्या कापड गिरणीतून हा क्लब उभा राहिला. २०२२ मध्ये इराणचा हझफी कप जिंकून तो आशियात आला होता. राजधानीचा क्लब नाही, मोठं नाव नाही. आपल्याकडं वालचंदनगर जसं कारखान्याच्या भोवती उभं राहिलं, तसंच गाव समजा.

त्या गिरणीच्या गावानं आपल्या मुंबईला बालेवाडीत २-० नं हरवलं.

परत येताना गाडीत पुतण्या गप्प. मी मात्र विचार करत होतो. कारण मी हा सामना याआधी खेळलो होतो. फुटबॉलचा नाही, धंद्याचा.

आधी स्पर्धा समजून घ्या

ज्यांना फुटबॉल कळत नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं.

घरची लीग म्हणजे काय? ठरलेल्या टीम, महिनोन्‌महिने सामने, जिंकलं की गुण. एखाद्या रविवारी हरलात तर पुढच्या आठवड्यात भरून काढता येतं. वर्षभर सातत्य ठेवणारा वर येतो.

बाद फेरी, म्हणजे नॉकआऊट, वेगळी. हरलात की घरी. आधी किती चांगले खेळलात याला किंमत नाही.

चॅम्पियन्स लीगमध्ये दोन्ही असतं. त्या हंगामात ४० संघ होते, चार-चारचे दहा गट. प्रत्येकाला गटात सहा सामने. पश्चिम आशियाच्या पाच गटांतले पहिले पाच, शिवाय दुसऱ्या क्रमांकाचे सर्वांत चांगले तीन, एवढेच पुढं बाद फेरीत. पूर्वेलाही तसंच.

आता आपल्या क्लबांचे आकडे बघा. २०२१ मध्ये एफसी गोवा हा गटफेरीत खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला. तीन सामने बरोबरीत, तीन गुण. २०२२ मध्ये मुंबई सिटी रियाधला गेली आणि सात गुण घेऊन गटात दुसरी आली. २०२३-२४ मध्ये तीच मुंबई सिटी सहापैकी सहा सामने हरली. शून्य गुण.

तीन, सात, शून्य. आपल्याला वाटतं प्रगतीचा आलेख वरच जातो. नाही जात.

स्पर्धा तीच, बाजार बदलला

२०२२ मध्ये नेमकं काय झालं ते बघा. पहिलाच सामना सौदीच्या अल-शबाबशी, ०-३ हार. तीन दिवसांनी, ११ एप्रिलला, इराकच्या अल-कुवा अल-जविया, म्हणजे तिथल्या हवाई दलाच्या क्लबशी सामना. आधी गोल इराकचाच झाला. मग दिएगो मॉरिसिओनं पेनल्टीवर बरोबरी साधली आणि पाचच मिनिटांत आपल्या मुंबईच्या राहुल भेकेनं कॉर्नरवर हेडर मारून २-१ केलं. या स्पर्धेत भारतीय क्लबचा तो पहिला विजय. नंतर याच संघाला पुन्हा १-० नं हरवलं आणि अबू धाबीच्या अल-जझीराशी एक सामना गोलशून्य बरोबरीत सोडवला.

अल-शबाबनं मात्र दुसऱ्या सामन्यात सहा गोल घातले. म्हणजे एका टीमकडून दोन सामन्यांत नऊ गोल खाल्ले, तरी गटात दुसरा क्रमांक! कारण जिथं गुण मिळण्यासारखे होते तिथं ते सोडले नाहीत. लक्षात ठेवा, प्रत्येक सामना जिंकायचा नसतो. आपला सामना कोणता हे ओळखायचं असतं.

तरीही पुढच्या फेरीत जागा मिळाली नाही. दुसरे आलेले तीनच संघ पुढं जाणार होते आणि सात गुण पुरले नाहीत. "चांगलं" आणि "पुरेसं" यात फरक असतो. हा फरक ऑर्डर घेण्याआधी कळलेला बरा.

मग दीड वर्षात काय बदललं? जून २०२३ मध्ये सौदी सरकारच्या गुंतवणूक निधीनं तिथल्या चार मोठ्या क्लबांत ७५ टक्के हिस्सा घेतला. त्यात अल-हिलाल होता. दोन महिन्यांत अल-हिलालनं नेमार, रुबेन नेवेस, कुलिबाली, मित्रोविच अशी माणसं गोळा केली. आणि ऑगस्टमध्ये गट पडले तेव्हा मुंबई सिटी नेमकी अल-हिलालच्या गटात! रियाधमध्ये ०-६, नवी मुंबईत ०-२.

तुमच्या गावात तुमचं कपड्याचं दुकान दहा वर्षं छान चाललंय आणि अचानक तिथं मोठ्या कंपनीचं शोरूम येतं, तसंच हे. तुम्ही वाईट झालेला नसता. समोरच्याचं भांडवल बदललेलं असतं. म्हणून मोठ्या बाजारात उतरताना "मागच्या वेळी जमलं होतं" हे कारण पुरत नाही. या वेळी समोर कोण आहे ते बघावं लागतं.

एका नेमारच्या भरवशावर

नेमार भारतात येणार म्हणून त्या दोन महिन्यांत काय वातावरण होतं आठवतंय? सामना शेवटी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ठेवला. आणि ऑक्टोबरच्या मध्याला नेमार ब्राझीलकडून उरुग्वेविरुद्ध खेळताना गुडघ्याला दुखापत होऊन बाहेर गेला. सामना ६ नोव्हेंबरला झाला, नेमारशिवाय.

समजा तुम्ही त्या सामन्यासाठी पाच हजार टी-शर्ट छापून ठेवले असते, सगळे नेमारचा चेहरा असलेले. माल तुमचा, उधारी तुमची, आणि गुडघा दुसऱ्याचा. हसू नका. एकाच गिऱ्हाइकावर, एकाच व्यापाऱ्यावर, एकाच ॲपवर चालणारा प्रत्येक धंदा असाच दुसऱ्याच्या गुडघ्यावर उभा असतो.

माझी गोष्ट

आता माझं सांगतो. व्हिडिओत हे पूर्ण कधी बोललो नाही.

२००९ मध्ये बारामतीत माझं फरसाण-चिवड्याचं छोटं युनिट होतं. एक जुना टेम्पो, मी आणि दोन पोरं. भवानीनगर, वालचंदनगर, इंदापूर, भिगवण अशी लाइन. बेचाळीस दुकानं आणि टपऱ्या. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की गाडीतळाजवळच्या टपऱ्यांवर माल दुप्पट जायचा. नफा थोडा, पण रोख. आठवड्याला पैसे हातात.

मग पुण्यातल्या एका मोठ्या दुकानसाखळीची ऑर्डर आली. पहिल्याच महिन्यात माझ्या एकूण उत्पादनाच्या दुप्पट. मी घरी पेढे आणले! वडील एवढंच म्हणाले, "लाइन बंद करू नको." मी म्हटलं, "आबा, आता आपण मोठे झालो."

बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून मशीन घेतलं. टेम्पोची लाइन बंद केली, कारण दोन्हीकडं माल पुरत नव्हता. दोन महिने जोरात गेले. पैसे साठ दिवसांनी म्हणाले होते, चार महिने झाले तरी येईनात. मग मुदत संपलेली पाकिटं परत आली आणि त्याची रक्कम माझ्याच बिलातून कापली. पाचव्या महिन्यात ऑर्डर बंद.

मी टेम्पो घेऊन परत लाइनवर गेलो. भिगवणच्या एका किराणावाल्या काकांनी चहा पाजला आणि सांगितलं, "अरे, तू चार महिने आला नाहीस. गिऱ्हाईक थांबतं का? दुसऱ्याचा चिवडा लावलाय." बेचाळीसपैकी नऊ दुकानं उरली होती. पाटल्या सुटायला तीन वर्षं लागली.

आज मागं वळून बघताना त्या दुकानसाखळीवर माझा राग नाही. ती मोठी टीम होती, ती तिच्या नियमानं खेळली. चूक माझी होती. मी आशियाई स्पर्धा खेळायला गेलो, इथवर ठीक होतं. पण जाताना घरची लीग सोडून गेलो.

त्याच हंगामात, घरी चषक

आता मुंबई सिटीचा उरलेला हंगाम बघा. आशियात सहा हार. नोव्हेंबरमध्ये प्रशिक्षक डेस बकिंगहॅम मध्येच सोडून इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेडकडं गेले. नवे प्रशिक्षक पीटर क्रात्की हंगाम सुरू असतानाच आले. एखादा क्लब कोलमडला असता.

पण ४ मे २०२४ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर, मोहन बागानच्या घरात, आयएसएल चषकाचा अंतिम सामना झाला. पहिला गोल मोहन बागानचा. मुंबई सिटीनं तीन गोल परत केले. ३-१. चषक मुंबईचा.

तोच क्लब, तोच हंगाम. आशियात शून्य, घरी चषक. कसं शक्य झालं? कारण आशियात खेळत असताना त्यांनी घरची लीग अर्धवट सोडली नव्हती.

आणि हे फक्त हरणाऱ्यांचं नाही. अल-हिलालचंच बघा. त्या हंगामात त्यांनी सलग ३४ सामने जिंकले. १७ एप्रिल २०२४ ला उपांत्य फेरीचा पहिला सामना खेळायला ते अल-ऐनला गेले आणि ४-२ नं हरले. सुफियान रहिमी नावाच्या एका मोरोक्कन खेळाडूनं तीन गोल केले. परतीच्या सामन्यात अल-हिलाल २-१ नं जिंकला, पण एकूण गोल ५-४. बाहेर! सरकारचा पैसा, जगभरातले खेळाडू, ३४ विजय, आणि एका संध्याकाळी सगळं गेलं. पण सौदी लीग त्यांनी एकही सामना न हरता जिंकली. घरची लीग होती म्हणून हंगाम वाया गेला नाही.

अल-ऐननं अंतिम फेरीत काय केलं? जपानमध्ये योकोहामाकडून पहिला सामना १-२ हरले, घरी येऊन ५-१ नं जिंकले आणि आशियाचे विजेते झाले. त्यांना दुसरा सामना होता, म्हणून हे जमलं. एकाच सामन्यात निकाल असता तर ते उपविजेते राहिले असते.

आपल्या शिवारातलं हेच गणित

इंदापूर तालुक्यातल्या कुणालाही विचारा. डाळिंब लागलं तर बंगला, तेल्या आला तर बाग उपटायची. ज्यांनी सगळं रान डाळिंबाला लावलं आणि कर्जावर लावलं, त्यांच्यातले बरेच तेल्यानं बसले. जे परत उभे राहिले त्यांच्याकडं काय होतं? बांधापलीकडं दोन एकर ऊस आणि गोठ्यात चार गाई. उसाला बंगला बांधता येत नाही, पण कारखाना नेतो. दुधाचे पैसे दर दहा दिवसांनी येतात. ऊस आणि गाई ही घरची लीग. डाळिंब ही आशियाई स्पर्धा. आपल्या आयांना हे फुटबॉल न बघता माहीत होतं. आपणच धंदा सुरू करताना विसरतो.

म्हणून माझं स्पष्ट मत सांगतो, काहींना पटणार नाही. "सगळं पणाला लावल्याशिवाय मोठं होता येत नाही" असं स्टेजवरून सांगणारे जे लोक आहेत, ते जिंकलेल्या दहा जणांच्या गोष्टी सांगतात. पाटल्या गहाण पडलेल्या नव्वद जणांना कुणी स्टेजवर बोलवत नाही. दुसऱ्या बाजूला "आपण कशाला मोठ्यांच्या नादी लागायचं" म्हणणारेही चुकतात. नस्साजी नादी लागला नसता तर बालेवाडीत जिंकला असता का? राहुल भेकेचा तो हेडर रियाधला गेल्यामुळंच झाला. शिवाय दार कायम उघडं नसतं. २०२४ मध्ये आशियाची ही सर्वोच्च स्पर्धा २४ संघांची झाली आणि भारताच्या विजेत्याला खालच्या दर्जाच्या स्पर्धेत जागा मिळू लागली. दार उघडं असताना जायचंच. फक्त घराला कुलूप लावून जायचं नाही.

मोठी ऑर्डर आली तर

ताई, आता तुमच्या ऑर्डरकडं येऊ. वही घ्या आणि या पाच गोष्टी लिहा.

एक. घरच्या लीगचा आकडा. रोजच्या, ठरलेल्या गिऱ्हाइकांकडून महिन्याला किती नफा सुटतो? त्यात घरखर्च, कर्जाचा हप्ता आणि कामगारांचा पगार भागतो का? भागत नसेल तर मोठी ऑर्डर हा उपाय नाही. आधी लीग सुधारा.

दोन. हरण्याचं बजेट. ही ऑर्डर पूर्ण बुडाली, एक रुपया आला नाही, तरी पुढच्या सोमवारी दुकान उघडता येईल का? जेवढी रक्कम बुडाली तरी उघडता येईल, तेवढंच भांडवल त्यात घाला. पाटल्या त्या बजेटमध्ये येत नाहीत.

तीन. एकच सामना खेळू नका. हजार किलो एकदम मागितले तर म्हणा, "दोनशे-दोनशे किलोच्या पाच खेपा करू." पहिल्या खेपेचे पैसे आल्यावर तिसरी खेप. ज्याला खरंच माल हवाय तो ऐकतो. जो ऐकत नाही, त्याच्याबद्दल तुम्हाला फुकटात माहिती मिळाली.

चार. नियम आधी वाचा. माल परत आला तर कुणाच्या माथी? पैसे किती दिवसांनी? तुम्ही स्वतः उत्पादन करत असाल किंवा सेवा देत असाल तर उद्यम नोंदणी आजच करा, ती फुकट आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. नाही दिले तर तक्रार करता येते. नुसत्या खरेदी-विक्रीच्या व्यापाराला मात्र हे संरक्षण मिळत नाही, हे लक्षात ठेवा. २००९ मध्ये माझी कसलीच नोंदणी नव्हती. कायदा होता, मी त्यात नव्हतो.

पाच. जुन्या गिऱ्हाइकाला रिकाम्या हातानं पाठवू नका. माल कमी पडला तर मोठ्या ऑर्डरचा कमी पडू दे. बेचाळीस दुकानांपैकी एकाचंही शेल्फ रिकामं दिसता कामा नये. रिकामं शेल्फ चार दिवसांत दुसऱ्याचं होतं.

माझं युनिट आज नाही, पण लहान भावाची लाइन चालू आहे. भिगवणच्या त्या काकांच्या दुकानात आता त्यांचा मुलगा बसतो. आमचा चिवडा परत तिथं लागायला दोन वर्षं गेली होती. मी दर महिन्याला एकदा तिथं थांबतोच, चहाला. तो पैसे घेत नाही, मीही पाकिटांचा हिशेब त्याच्यासमोर मोजत नाही.

ताई, ऑर्डर घ्या. जरूर घ्या. पण उद्या सकाळी रोजच्या गिऱ्हाइकांचे डबे आधी भरा, मग त्या ऑर्डरच्या कागदावर सही करा. आणि झोप लागली की मला फोन करा.